प्लेस्टेशन की एक्सबॉक्स? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा नववीतला मुलगा प्लेस्टेशनच हवे म्हणून हटून बसला आहे आणि त्याचा आतेभाऊ तितक्याच हिरिरीने एक्सबॉक्सची बाजू लावून धरतो. आमच्या लहानपणी तपकीर गल्लीतून आणलेल्या व्हिडिओ गेमवर आम्ही मारिओ खेळत असू. यंत्र कोणत्या कंपनीचे, हे कुणी विचारतही नसे. आता नावाला एवढे महत्त्व का आले?
– एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण ज्यावर खेळलात ते यंत्र बहुधा क्योटोच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होते. खोक्यावर कोणतेही नाव असो, कॅसेट लावली की मारिओ धावू लागे, आणि म्हणून आपल्याकडे मारिओ घरोघरी पोहोचला तरी निन्टेंडो हे नाव फारसे कुणाला ठाऊक झाले नाही. खेळणाऱ्याच्या मनात आधी पात्र घर करते आणि कंपनीचे नाव, आलेच तर, त्याच्या मागून येते.

सेगा कंपनीने हे नेमके ओळखले होते. तिने १९९१ मध्ये मारिओसमोर सुसाट धावणारा सॉनिक उभा केला आणि अमेरिकेतील जाहिरातींत निन्टेंडोचे नाव घेऊन तिला डिवचले. तेव्हापासून शाळकरी मुलांत ‘तू कुणाच्या बाजूचा’ हा वाद रंगू लागला. पुढे २००१ मध्ये सेगाने कन्सोल, म्हणजे गेम खेळण्याची यंत्रे, बनवणे थांबवले. सॉनिक मात्र टिकला आणि निन्टेंडोच्याच यंत्रांवर येऊन दाखल झाला.

सोनीची गोष्ट अपमानातून सुरू होते. निन्टेंडोसोबत सीडीवर चालणारे यंत्र करण्याची घोषणा सोनीने १९९१ मध्ये केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हातमिळवणी केल्याचे जाहीर केले. सोनीने मग स्वतःच्या बळावर डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन आणले. त्याच्या रिमोटवर अक्षरांऐवजी चार आकृत्या आहेत : त्रिकोण म्हणजे दृष्टिकोन, चौकोन म्हणजे कागद, अर्थात मेनू, आणि वर्तुळ व फुली म्हणजे होय आणि नाही, अशी त्यांमागची कल्पना तेयू गोतो या रचनाकाराची. या चार आकृत्या दिसल्या की कंपनीचे नाव वाचावे लागत नाही. माझ्या मते या धंद्यात ओळख घडवण्याचे इतके नेटके काम दुसऱ्या कुणी केलेले नाही.

चुरशीमागे पैशाचेही कारण आहे. कन्सोल अनेकदा नाममात्र नफ्यावर, कधी तोटा सोसूनही विकले जाते आणि कमाई गेमच्या विक्रीतून होते. शिवाय एका कंपनीच्या यंत्रासाठी घेतलेले गेम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर सहसा चालत नाहीत, त्यामुळे एकदा आलेला ग्राहक सहजासहजी सोडून जात नाही. अलीकडे एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने आपले काही गेम प्लेस्टेशनवरही आणले आहेत, म्हणजे दोन्ही भावांच्या वादातली हवा थोडी निघालीच आहे. मुलाला आधी विचारा, कोणते गेम खेळायचे आहेत आणि वर्गातले मित्र कशावर खेळतात. डिस्क ड्राइव्ह असलेले यंत्र घेतलेत तर जुन्या डिस्क स्वस्तात घेता येतात. ड्राइव्ह नसलेल्या यंत्राला ती सोय नाही.

प्रश्न : ज्याचे यंत्र अधिक ताकदवान, तीच कंपनी पुढे राहते का?
– एक विद्यार्थिनी, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : नाही. निन्टेंडोचे २००६ मधील ‘वी’ हे ताकदीत प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दोघांहून दुबळे होते, तरी हातवारे करून खेळण्याची गंमत आजी-आजोबांनाही भावली आणि ते १० कोटींहून अधिक विकले गेले. त्याच कंपनीने २०१२ मध्ये ‘वी यू’ आणले, तेव्हा अनेक ग्राहकांना ते नवे यंत्र न वाटता जुन्या ‘वी’ला जोडायचे उपकरण वाटले. नावातला हा घोळ, हे त्याच्या अपयशाचे एक मोठे कारण मानले जाते. त्याची विक्री सुमारे १ कोटी ३५ लाखांवरच थांबली.