नर्सरीतली वांग्याची रोपं बीटी निघाली तर शेतकरी अडकतो का?

पलूस तालुक्यातल्या, अगदी कृष्णाकाठच्या एका दादांचा मेसेज आलाय. त्यांनी 30 गुंठे वांगं लावलं, रोपं एका नर्सरीतून नेहमीच्या दुप्पट भावानं आणली, कारण नर्सरीवाला म्हणाला ह्याला शेंडे पोखरणारी अळी लागतच नाही. आणि खरंच लागली नाही. दोन महिने माल सांगली मार्केटला गेला. आता कृषी खात्याचे साहेब येऊन पानं-फळं घेऊन गेले, बीटीचा, म्हणजे अळी मारणारं जनुक बाहेरून घातलेल्या वांग्याचा, संशय आहे म्हणाले, एका कागदावर सही पण घेतली. शेजारचा सेंद्रियवाला केस करतो म्हणतोय, गावातला एक जण म्हणतोय रातोरात रोटर मारून पीक मातीत गाडा आणि मोकळं व्हा. आणि घरात वहिनी विचारतायत, पोरांनी दोन महिने हीच वांगी खाल्ली त्याचं काय.

दादा, पहिलं म्हणजे रोटर मारू नका. उभं पीक हाच तुमचा पुरावा आहे की नर्सरीनं तुम्हाला काय दिलं. ते गेलं की तुम्ही पुरावा नष्ट केला एवढंच उरतं. पण आजपासून तोडा बंद. एक क्रेट पण मार्केटला नको, पाहुण्यांना पिशवी भरून द्यायची पण नाही. आतापर्यंत विकलं ते माहीत नसताना विकलं, संशय कळल्यावर विकलं तर मग मला तुमच्या बाजूनं बोलायला जागाच राहत नाही.

कायदा असा आहे. बीटी वांग्याला केंद्राच्या जीईएसी समितीनं (जनुक बदललेल्या पिकांची परवानगी हीच बघते) ऑक्टोबर 2009 ला हिरवा कंदील दिला होता, पण तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती दिली. बांगलादेशात 2014 पासून शेतकरी लावतात, आपल्याकडं नाही. पर्यावरण संरक्षण कायदा 1986 आणि त्याखालचे 1989 चे नियम, यात परवानगीशिवाय असं पीक लावणं, विकणं दोन्ही बसत नाही, शिवाय असं अन्न परवानगीशिवाय विकायला मनाई करणारं अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 22 आहेच. 2019 मध्ये हरियाणात फतेहाबादला असंच बीटी वांगं सापडलं तेव्हा शेतातली झाडं उपटून नष्ट केली, म्हणजे रिपोर्ट तसा आला तर पीक जाणार, हे मनाशी धरून ठेवा.

जेलचं म्हणाल तर पर्यावरण कायद्यात आधी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 एप्रिल 2024 पासून ते बदललं, आता 10 हजार ते 15 लाख दंड आहे, जेलचा विषय येतो तो ठरलेला दंड भरला नाही तर. 15 लाख ऐकून झोप उडवून घेऊ नका, फसवला गेलेला 30 गुंठ्यांचा शेतकरी आणि जाणूनबुजून रोपं विकणारा यांच्यातला फरक मांडायचा असतो आणि तो कागदावर मांडावा लागतो. म्हणून उद्याच तालुका कृषी अधिकाऱ्यांना अर्ज द्या, एक प्रत कलेक्टरना, कारण या नियमांखालच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष तेच असतात. रोपं कधी आणली, कुणाकडनं, काय सांगून दिली, मला माहीत नव्हतं, विक्री थांबवलीय, एवढंच लिहा आणि पोच घ्या. सही केलेल्या कागदाची प्रत मागा, नाही दिली तर माहिती अधिकार टाका. सॅम्पल तुमच्यासमोर सील व्हायला पाहिजे आणि त्यावर दोघांच्या सह्या पाहिजेत, ते झालं नसेल तर तेही अर्जात येऊ दे.

आता वहिनींचा प्रश्न, मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं प्रथिन झाडातच तयार होतं. अळीच्या आतड्यात अल्कली असते, तिथं ते प्रथिन चिकटतं आणि अळी मरते, माणसाच्या पोटात ॲसिड असतं आणि चिकटायला ती जागाही नसते. ह्याच जिवाणूची पावडर शेतकरी कितीतरी वर्षं फवारतायत. त्यामुळं पोरांना काही झालं असेल असं मानायला कारण दिसत नाही, कुणाला अंगावर पुरळ, उलटी असं काही झालं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवून कागद जपून ठेवा. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. मंजुरीला जे बीटी गेलं त्याच्या चाचण्या तरी झाल्या होत्या, तुमच्या रोपात काय घातलंय, कुठलं घातलंय, हे कुणीच तपासलेलं नाही आणि ते पोरांच्या ताटात आलं.

शेजाऱ्याशी भांडू नका, त्याचं म्हणणं खोटं नाही. वांगं बरंचसं स्वतःच्याच परागानं धरतं पण मधमाशा थोडंफार इकडचं तिकडं करतातच, आणि त्यानं गावरान काटेरी वांग्याचं बी धरलं असेल तर ह्या सीझनचं बी बिघडलेलं असू शकतं. सेंद्रिय सर्टिफिकेटमध्ये जीएम, म्हणजे जनुक बदललेलं बी, चालतच नाही. कृष्णाकाठचं वांगं म्हणून आपलं नाव आहे ते ह्याच गावरान बियांवर, एकदा मिसळ झाली की वेगळं काढणं अवघड. त्याला सांगा यंदाचं बी वेगळं ठेव, तपासून घे, आणि दोघं मिळून नर्सरीच्या मागं लागू.

नर्सरीवर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी ग्राहक कोर्टाचा रस्ता बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या केसमध्ये स्पष्ट केलंय. मुदत दोन वर्षं. कच्ची पावती असली तरी चालेल, सोबत फोनपेचं पेमेंट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, टेम्पोवाल्याचं नाव, रोपांचे ट्रे, सगळं गोळा करा. मार्केटच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, फाडू नका, त्यातनं विक्री दिसते म्हणून भीती वाटेल पण नुकसान किती झालं हे दुसरं कशानं दाखवणार? नर्सरीवाल्याला फोन करून शिव्या देऊ नका, आधी वकिलाची नोटीस जाऊ दे.

सातबारा, पट्ट्या, आणि रोपं आणलेल्या दिवसापासूनचे मोबाईलमधले फोटो घेऊन या. फोटो डिलीट करू नका, त्यावर तारीख असते.