टॅग लावलेला मासा गळाला लागला तर तो मूळचा कुठला हे कळतं का? आणि बक्षीस मिळतं का?

बक्षिसाचं आधी उरकतो. काही टॅगांवर तसं छापलेलंच असतं, तिथे पैसे मिळतात. बाकी ठिकाणी प्रमाणपत्र नाहीतर पत्र. पैशासाठी विचारत असाल तर नाद सोडा, आमिषाचा खर्चही निघणार नाही.

मूळचा कुठला, यावर मात्र आमच्या घरात अजून भांडण चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. वसंतात मी आणि माझे साडू रॅरिटन बेवर स्ट्राइप्ड बास गरवायला जातो. पाणी तापायला लागलं की बंकर नावाच्या माशांच्या थव्यामागोमाग बास आत शिरतात आणि कीपोर्ट, कीन्सबर्गच्या किनाऱ्यावर रॉड रोवलेले दिसू लागतात. साडू गुहागरकडचे. लहानपण खाडीत गरी टाकण्यात गेलं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही माशाबद्दल शेवटचा शब्द आपलाच, असा त्यांचा समज आहे.

एका संध्याकाळी त्यांच्याच गळाला दांडगा बास लागला. वर घेतला तर पोटाला शेवाळाने माखलेलं काहीतरी लोंबतंय. साडूंना वाटलं कुणाची तरी तुटलेली दोरी. ते उपटणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. शेवाळ नखाने खरवडलं तर आत गुलाबी प्लास्टिकची नळी, वर नंबर आणि फोन. गुलाबी म्हणजे यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी खात्याचा. १९८५ पासून त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या राज्यांनी पाच लाखांहून जास्त बासांना टॅग लावले आहेत. नंबराचा फोटो काढला, लांबी मोजली. ३१ इंचांच्या वर भरला, आणि त्याहून मोठा ठेवता येत नाही, म्हणजे घरी नेण्याचा प्रश्नच मिटला. पाण्यात धरून ठेवला, त्याने शेपटीचा फटका दिला आणि गेला.

गाडीत बसेपर्यंत साडूंनी निकाल देऊन टाकला. "हडसनचा आहे. नदी इथे समोर, अंडी तिकडेच घालतात. यात विचारायचं काय?" मी म्हटलं दक्षिणेकडच्या चेसापीक उपसागरातला असणार, या किनाऱ्यावरचे बहुतेक बास तिथलेच असतात. फोन करून नंबर, तारीख, जागा, लांबी आणि मासा सोडला की ठेवला, एवढं सांगितलं. पुढे उत्तर आलं: टॅग मेरीलँडमध्ये, चेसापीकला मिळणाऱ्या पोटोमॅक नदीत, काही वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये लावलेला.

मी पत्र साडूंपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "टॅग तिथे लावला. जन्म तिथे झाला असं यात कुठे लिहिलंय?"

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे, आणि ते साडूंच्या तोंडून आलं याचं मला दुःख आहे. टॅग फक्त एवढंच सांगतो की अमुक दिवशी, अमुक जागी माणसाने हा मासा हातात घेतला होता. हिवाळ्यात व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायनासमोरच्या समुद्रात बास पकडून टॅग लावायचे, तेव्हा त्या थव्यात चेसापीक, डेलावेअर, हडसन अशा सगळीकडचे मासे मिसळलेले असायचे. तसला टॅग मिळाला तर मूळ गावाबद्दल काहीही कळत नाही. कबूल.

पण पोटोमॅकमध्ये, एप्रिलात? बास एरवी समुद्रात पार उत्तरेच्या मेन राज्यापर्यंत भटकतो आणि अंड्यांसाठी नदीत चढतो, तेही बहुतेक वेळा आपल्याच नदीत. शिमग्याला पालखी नाचवणाऱ्याला कोणी त्याचं गाव विचारत नाही, मग नोकरी मुंबईत असो की दुबईत. साडूंना हे चांगलं ठाऊक आहे, स्वतः नाचलेत.

त्यावर त्यांचा हुकमी एक्का म्हणजे कासव. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडलीच्या परावर ०३२३३ नंबरचा टॅग सापडला, २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावलेला. "ती दोन्हीकडे अंडी घालते, मग तिचं माहेर कुठलं, सांगा!" कासवाचं मी सांगू शकत नाही. पण कासव म्हणजे बास नव्हे, आणि एका कासवाच्या जोरावर हडसनचा दावा जिंकता येत नाही.

जन्मगाव खात्रीने सांगणारा टॅग वेगळाच असतो. हॅचरीतल्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातल्या, पिल्लांच्या नाकात किंवा गालात सुमारे एक मिलिमीटर लांबीची तार घालतात, तिच्यावर सांकेतिक आकडे कोरलेले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमनसाठी हे सर्रास चालतं. बाहेरून तार दिसत नाही, म्हणून मासेमारांकडून माशाचं डोकंच मागून घेतात. नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या माशाच्या कानात जे खडे असतात त्यांच्या रसायनावरूनही जन्माचं पाणी ओळखता येतं, पण त्यासाठी मासा मारावा लागतो. आमचा तर केव्हाच निघून गेला. साडू म्हणतात, म्हणजे वाद शिल्लक आहे. मी म्हणतो नाही.

टॅग काढून किल्ल्यांना अडकवणाऱ्यांशी मात्र मी वादही घालत नाही. लावलेल्यांपैकी किती टॅग परत येतात यावरून मासे किती मारले जातात याचा हिशेब होतो. तुम्ही कळवलं नाही तर तो मासा त्या हिशेबात नाहीच.

तुम्ही कुठून विचारताय ते लिहिलेलं नाही. भारतात असाल तर बराकपूरची सिफरी ही मत्स्यसंशोधन संस्था बंगालमधल्या फरक्क्याच्या बाजूला हिलशांना, म्हणजे आपल्या पाल्याला, टॅग लावून सोडते. तसला मिळाला तर त्यांना कळवा. न्यू जर्सीत असाल तर २८ ते ३१ इंचांचा नियम मी लिहितोय तेव्हाचा आहे, तो बदलत असतो, जाण्याआधी पाहून घ्या. टॅग काढायचा की तसाच ठेवून मासा सोडायचा हेही फोन करूनच विचारा, आमचं बघून करू नका. आणि मासा ठेवण्याजोगा निघाला तरी खाण्याआधी राज्याची सूचना वाचा. पीसीबी नावाच्या विषारी रसायनांमुळे इथला बास लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी खाऊ नये असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. साडू तीही वाचत नाहीत.