रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत, असं का होतं?

कारण हिजरी वर्ष निव्वळ चंद्रावर चालतं. बारा चांद्रमास मिळून साधारण ३५४ दिवस होतात, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० मध्ये तर तो दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर.

आपल्या पंचांगातही महिने चांद्रच, पण अधिक मास घालून आपण ते सूर्याशी जुळवून घेतो. इस्लामपूर्व अरबांकडेही महिने पुढे ढकलण्याची ‘नसी’ नावाची प्रथा होती. कुराणाने ती मोडीत काढली (सूरा ९, आयत ३७). वर्षगणना मात्र खलिफा उमर यांच्या काळात ठरली, तीही पैगंबर मुहम्मद यांच्या इ.स. ६२२ च्या मक्का-मदिना स्थलांतरापासून.

शेतसाऱ्याला असं फिरतं वर्ष काय कामाचं? पिकं थोडीच चंद्र बघून येतात! म्हणूनच दख्खनमध्ये सौर ‘शुहूर सन’ चालला. तो मृग नक्षत्रापासून सुरू होई, आणि मराठेशाहीच्या कागदांत त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले सापडतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो.