नीटसाठी गणित सोडावं का?

नागपूरच्या मनीषनगरातून एका आईचं पत्र आलंय. लेक बारावीला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेली. गेल्या पावसाळ्यात कॉलनीत डेंग्यू आला तेव्हा कुठल्या घरी कधी ताप आला, याचे ती आलेख काढायची. आता साथीच्या रोगांचं गणित मांडणारी शास्त्रज्ञ व्हायचं म्हणते. क्लासवाले सांगतात, नीटसाठी गणित सोडा. आई विचारते, यात पोट भरेल का?

ताई, गणित सोडू देऊ नका. बाकी सगळं मागाहून जुळवता येतं, हे नाही.

हे काम काय असतं, ते तिला घरीच करून बघू द्या. एक्सेलमध्ये तीन रकाने: लागण होऊ शकणारे, आजारी आणि बरे झालेले. रोजची नवी लागण पहिल्या दोन आकड्यांच्या गुणाकारावर ठरते. पहिला आकडा घटत गेला की सगळे आजारी पडण्याआधीच साथ ओसरते. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी 1927 मध्ये हे गणित मांडलं आणि मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगमधल्या मृत्यूंशी ताडून पाहिलं. डेंग्यूत मध्ये डास येतो. रुग्णाला चावल्यावर तो स्वतः रोग पसरवू लागेपर्यंत साधारण 8 ते 12 दिवस जातात. म्हणजे डासांचे रकाने वेगळे, आणि पावसाळ्यात कूलरच्या टाकीत राहिलेलं पाणीसुद्धा हिशेबात येतं. यात ती रमली, तर तिची आवड खरी समजा.

मॅकेन्ड्रिक स्वतः डॉक्टर होते, त्यामुळे एमबीबीएस करूनही इकडे वळता येतं. पण मला सरळ वाट जास्त पटते: पुणे किंवा भोपाळच्या आयसरमध्ये, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत, पाच वर्षांचा बीएस-एमएस, नाहीतर आयएसआय म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेची संख्याशास्त्राची पदवी, बी.स्टॅट. आणि मग पीएचडी.

पोटाचं म्हणाल तर स्पष्टच सांगते. नोकरीत स्थिरावेपर्यंत तिशी येते. मात्र पीएचडीचा भार घरावर पडत नाही. केंद्र सरकारची ज्युनियर रिसर्च फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. पुढे विद्यापीठं, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्था आणि लसीकरणाचं नियोजन करणाऱ्या संस्थांना अशी माणसं लागतात. जागा थोड्या असतात, हेही तिच्या कानावर घाला.

नीट देऊ द्या, हरकत नाही. पण आयसरची प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि तिच्यात गणिताचे प्रश्न असतातच. तिचा अर्ज कधी निघतो यावर तुम्ही स्वतः लक्ष ठेवा. नीटच्या धांदलीत तो भरायचा राहून जातो.