गॉगल फिरवून तारे बघता येतील का?

प्रश्न: सिंहगडावर पोलरॉइड गॉगल डोळ्यांसमोर फिरवला की आकाश कमी-जास्त गडद दिसतं, ताऱ्यांच्या उजेडाचंही असंच होतं का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: होतं की, पण बहुतेकदा टक्का-दोन टक्केच, गॉगलने नाही कळायचं, पोलॅरिमीटर (उजेड कुठल्या दिशेत किती जास्त कंपतो ते मोजणारं यंत्र) लागतो. तारा बिचारा साधाच, सगळ्या दिशांत सारखा कंपणारा उजेड पाठवतो, पण वाटेत धुळीचे लांबुळके कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राला आडवे होऊन गरगरत असतात, त्यांच्या लांबीच्या दिशेत कंपणारा प्रकाश जास्त अडतो आणि उरलेला क्षेत्राच्या दिशेने ध्रुवित होऊन, म्हणजे त्या दिशेत थोडा जास्त कंपत येतो, म्हणजे धूळही कळली नि क्षेत्राची दिशाही. क्षेत्राची ताकद मात्र थेट नाही कळत. १९४९ मध्ये हिल्टनर आणि हॉल या खगोलशास्त्रज्ञांना हे सापडलं, शोधत होते भलतंच! आपल्या आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेच्या गिरवलीतल्या २ मीटर दुर्बिणीवरही अशी मोजणी झालीये.