टिटोच्या राज्यात इस्ट्रियातल्या इटालियन लोकांचं काय झालं?

प्रश्न : क्रोएशियाच्या टूरमध्ये रोविन्यला गेलो होतो, तिथे सगळ्या पाट्या क्रोएशियन आणि इटालियन अशा दोन भाषांत. गाइड म्हणाला की युगोस्लाव्हियाच्या काळात इथल्या इटालियन लोकांना सगळे हक्क होते. घरी येऊन वाचलं तर म्हणे लाखो लोक निघून गेले. नक्की खरं काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही खरं आहे, म्हणूनच हा विषय निघाला की तिकडे अजूनही आवाज चढतात. पण सुरुवात टिटोपासून, म्हणजे युगोस्लाव्हियाच्या कम्युनिस्ट नेत्यापासून केली तर अर्धीच गोष्ट कळते. १९२०च्या रापालो करारात इस्ट्रिया, म्हणजे रोविन्य आणि पुला ज्यात येतात ते द्वीपकल्प, इटलीला मिळालं आणि मग मुसोलिनीच्या राजवटीने तिथल्या स्लोव्हेन-क्रोएशियन शाळा बंद केल्या, लोकांची आडनावंसुद्धा बदलून इटालियन केली, वर १९४१मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला. त्याचा राग साचलेला होताच. १९४३ आणि १९४५मध्ये टिटोच्या पार्टिझान लोकांनी, म्हणजे गनिमी सैनिकांनी हजारोंना उचललं, कित्येकांना मारून चुनखडीच्या खोल विवरांत, म्हणजे फोइबेंमध्ये टाकलं. त्यात फॅसिस्ट होते तसे नव्या राजवटीला नको असलेले साधे लोकही होते.

१० फेब्रुवारी १९४७च्या पॅरिस करारात पुला, रियेका, झादर ही शहरं सगळी युगोस्लाव्हियाकडे गेली. इटालियन बोलणाऱ्यांना इटलीचं नागरिकत्व निवडायची मुभा होती, पण निवडलं की वर्षभरात घरदार सोडून निघायचं. पुलामध्ये तर करारावर सही व्हायच्या आधीच सामान बांधायला सुरुवात झाली होती, ‘तोस्काना’ नावाची बोट भर थंडीत फेऱ्या मारत होती आणि साधारण ३२ हजारांच्या शहरातले जवळपास २८ हजार लोक गेले. त्यांच्या खुर्च्या, कपाटं, फोटो आजही इटलीतल्या त्रिएस्ते बंदरातल्या एका गोदामात आहेत, न्यायला कुणी आलंच नाही. सगळ्या भागातून मिळून किती गेले ह्यावर वाद आहे, पण अडीच लाखांच्या आसपास आकडा बऱ्याचदा सांगतात.

आता गाइडचं म्हणणं. रियेकाचं इटालियन दैनिक ‘ला व्होचे देल पोपोलो’ १९४४पासून, तिथल्या थिएटरमध्ये इटालियन नाटक कंपनी १९४६पासून, पुढे प्रकाशन संस्था, १९६८ला रोविन्यमध्ये इतिहास संशोधन केंद्र, १९७१ला आजच्या स्लोव्हेनियातल्या कोपरचं टीव्ही स्टेशन. कागदावर बघाल तर युरोपात कुठल्या अल्पसंख्याकांना हेवा वाटावा असं. पण १९५३मध्ये त्रिएस्ते कुणाचं ह्यावरून इटलीशी तणाव वाढला तेव्हा रियेकात इटालियन पाट्या फोडल्या गेल्या आणि त्याच वर्षीच्या एका आदेशाने स्लाव्ह वाटणाऱ्या आडनावाची मुलं इटालियन शाळांतून काढून क्रोएशियन शाळांत घातली, घरी कुठली भाषा बोलता हे कुणी विचारलंच नाही. ह्या समाजाच्या संघटनेचे अध्यक्ष अंतोनियो बोर्मे जरा जास्तच बोलायला लागले तर १९७४मध्ये त्यांना बाजूला केलं. माझं मत विचाराल तर संस्था चालू द्यायच्या पण त्यांनी काही मागायचं नाही, असा सगळा मामला होता.

प्रश्न : पण जे इटालियन स्वतःच कम्युनिस्ट होते ते तरी सुखात राहिले असतील ना?

उत्तर : उलट सगळ्यात वाईट हाल त्यांचेच, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. इस्ट्रियातून लोक इटलीकडे जात होते त्याच सुमारास इटलीतल्या मोनफाल्कोनेच्या जहाज कारखान्यातले साधारण दोन हजार कामगार समाजवाद उभारायला म्हणून उलटे युगोस्लाव्हियात आले, काही तर कुटुंबासकट, आणि रियेका-पुलाच्या गोदीत कामाला लागले. जून १९४८मध्ये स्टालिनने टिटोला कॉमिनफॉर्ममधून, म्हणजे कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून काढलं. ह्यातले बहुतेक स्टालिनच्या बाजूचे, म्हणजे एका रात्रीत शत्रू! काहींची बोस्नियात रवानगी झाली, काही गोली ओतोक बेटावरच्या छावणीत दगड फोडत बसले, बाकीचे परतले तर इटलीत पोलिसांच्या लेखी कम्युनिस्ट आणि इस्ट्रियातून आलेल्यांच्या लेखी गद्दार.

जनगणना बघितली तर १९४८मध्ये युगोस्लाव्हियात सुमारे ७९ हजार इटालियन होते, १९५३मध्ये ३६ हजार आणि १९८१मध्ये १५ हजार. गंमत म्हणजे १९९१मध्ये देश फुटायच्या बेतात असताना हा आकडा एकदम वाढला, एकट्या क्रोएशियात २१ हजारांवर गेला. तेवढी मुलं दहा वर्षांत जन्मलेली नाहीत, आधी स्वतःला इटालियन लिहायला कचरणारे आता बिनधास्त लिहायला लागले.