‘व्यायाम केला तर नवा गुडघा निखळेल का?’

गुडघ्याचा सांधा बदलून तिसरा आठवडा लागला की हा प्रश्न हमखास येतो. 64 वर्षांच्या एका बाईंनी तो विचारला, तेव्हा त्यांचा गुडघा जेमतेम 60 अंश वाकत होता आणि पूर्ण सरळ व्हायला 10 अंश कमी पडत होते. जखम कोरडी होती, एक्स-रेही चांगला होता. अडत होतं ते घरी.

मुलाशी बोलल्यावर उलगडा झाला. आईला बरं वाटावं म्हणून तो तिच्या गुडघ्याखाली जाड उशी ठेवत असे. फिजिओथेरपिस्ट येऊन गेले की उरलेला दिवस पाय हलत नसे. वेदनाशामक गोळी ‘उगाच सवय नको’ म्हणून दुखणं अगदी असह्य झाल्यावरच दिली जाई. सगळं काळजीपोटी, आणि सगळंच गुडघ्याला आखडवणारं.

आधी भीतीबद्दल. त्यांचा सांधा हाडाला सिमेंटने बसवलेला होता. हे सिमेंट शस्त्रक्रिया चालू असतानाच, साधारण पाव तासात, कडक होतं. म्हणून तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करतात. स्वतःच्या ताकदीने गुडघा वाकवल्यामुळे तो निखळत नाही. वाकवताना ताणतं आणि दुखतं ते सांध्याभोवतीचं सुजलेलं आवरण, त्वचा आणि मांडीचा पुढचा स्नायू. सांधा सैल होण्याची कारणं वेगळी असतात: बहुतेकदा नव्या सांध्यातल्या प्लास्टिकच्या भागाची वर्षानुवर्षांची झीज किंवा जंतुसंसर्ग.

न हलवण्याचा धोका मात्र खरा आहे. आत व्रणाच्या ऊती तयार होत असतात. पहिले काही आठवडे त्या मऊ असतात, पुढे घट्ट होत जातात. गुडघ्याखालची उशी पायाला वाकलेल्या स्थितीतच आखडू देते, आणि सरळ न होणारा गुडघा कमी वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त छळतो. प्रत्येक पावलाला लंगडावं लागतं, मांडी लवकर थकते. सपाट चालायला सुमारे 65 अंश लागतात, जिना चढायला 85च्या आसपास, खुर्चीतून सहज उठायला 95 ते 105. बाईंचे 60 अंश चालायलाही अपुरे होते.

सर्जनला विचारून गोळीची वेळ व्यायामाच्या 30 ते 45 मिनिटं आधी ठरवली. उशी काढली. त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा मागून मोकळा, 5 ते 10 मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. त्याच स्थितीत गुडघा खाली दाबून 5 सेकंद धरायचा, असं 10 वेळा. मग खुर्चीत बसून चांगल्या पायाने ऑपरेशनचा पाय हळूहळू मागे ढकलायचा आणि शेवटच्या टप्प्यावर 10-15 सेकंद थांबायचं. शेवटी पाय उंच ठेवून कपड्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं. मुलाला एकच पथ्य सांगितलं: आईचा पाय आपण धरून जोराने वाकवायचा नाही. त्याने सूज वाढते आणि भीती पक्की होते.

‘किती दुखलं तर चालेल?’ याचं उत्तर व्यायामानंतरच्या तासाभरात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. व्यायामानंतर तासाभरात दुखणं पूर्वपदावर आलं तर प्रमाण योग्य. सकाळी गुडघा आणखी सुजलेला दिसला तर त्या दिवशी प्रमाण कमी करायचं, पण बंद नाही. दुसऱ्या कुणाशी तुलना तर नकोच. किती वाकेल हे बरंचसं शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता यावर ठरतं.

गुडघा गरम लागणं आणि थोडी सूज तीन-चार महिने किंवा त्याहून जास्तही राहू शकते. टकटक आवाज येतो, तो धातू आणि प्लास्टिकचा. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर वाटते, कारण तिथली बारीक नस छेद घेताना कापली जाते. पण ताप, जखमेतून स्राव, पसरत जाणारी लाली, किंवा पोटरी सुजून दुखणं यांत वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात.

सहा आठवड्यांनी गुडघा 90 अंशही वाकत नसेल, तर भूल देऊन तो वाकवण्याचा विचार सर्जन करतात. साधारण तीन महिन्यांच्या आत केलं तर त्याचा उपयोग जास्त होतो, म्हणून सहाव्या आठवड्याची तपासणी पुढे ढकलू नये. या बाईंचा गुडघा तेव्हा 95 अंशांवर होता. सरळ व्हायला अजून 3 अंश कमी होते, त्यामुळे टाचेखालची गुंडाळी चालू ठेवली.